देवमन सिरसाटनं केलेलं औषध

अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले १९६४ साली. पहिल्या दिवशी प्रयोगशाळा मला प्राध्यापकांनी दाखवली नाही, देवमन सिरसाटनं दाखवली. कुठलं अॅसिड कुठल्या फळीवर, कुठल्या नळाची चावी उलटी फिरते, कोणता तराजू पावसाळ्यात दगा देतो, हे त्याला पाठ होतं. कागदोपत्री तो परिचर होता. प्रात्यक्षिकांची मांडामांड करायची, काचसामान धुवायचं आणि डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट चालवायचा, एवढंच त्याचं काम. पण परीक्षेत अडलेली मुलं आमच्याकडे बघायच्या आधी त्याच्याकडे बघायची.

तो पातूर तालुक्यातल्या एका खेड्याचा. वडील डोमाजी गावकीची कामं करायचे, मेलेली ढोरं ओढायचे. १९५६ च्या दसऱ्याला सगळं घर नागपूरला दीक्षा घ्यायला गेलं, तेव्हा देवमनच्या खांद्यावर त्याची वर्षाची मुलगी शालू होती. बौद्ध होऊन परतल्यावर डोमाजींनी ढोरं ओढणार नाही म्हणून सांगितलं आणि गावानं त्यांच्याशी बोलणंचालणं तोडलं. देवमन मॅट्रिक झालेला होता. पुढच्या वर्षी त्याला आमच्याकडे नोकरी लागली, आणि बायको मैना आणि शालू यांना घेऊन तो अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आला.

शालूच्या पाठीवर मूल झालं नाही. ती एकटीच, आणि विलक्षण चौकस. एकदा तिच्या शाळेतल्या मास्तरांनी देवमनला बोलावून घेतलं. त्यांची तक्रार अशी की मुलगी हुशार आहे, पण एका धड्यात वीस वेळा काहून, काहून म्हणून विचारते, मग धडाच पुरा होत नाही. हे मला सांगताना देवमनच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

१९६७ च्या दिवाळीत शालूचा डावा गुडघा दुखायला लागला. ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती, त्यामुळे कुठेतरी पडली असेल असंच सगळ्यांना वाटलं. हाडवैद्याकडे नेलं. त्यानं लेप लावून घट्ट बांधलं. आठवड्यानं पुन्हा बांधलं. असे दोन महिने गेले. जानेवारीत गुडघ्याच्या वरच्या बाजूला सूज आली आणि हात लावला तर तिथली कातडी तापलेली लागायची. या दोन महिन्यांबद्दल देवमननं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. मी प्रयोगशाळेत काम करतो, मला कळायला पाहिजे होतं, असं तो म्हणत राहायचा.

अकोल्याला त्याचा जुना मित्र होता, ताहेर. दोघं पातूरच्या शाळेत एका बाकावर बसलेले. ताहेर अकोल्यात एका खासगी डॉक्टरांकडे एक्स-रे काढायचं काम करायचा आणि मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहायचा. देवमन शालूला घेऊन त्याच्याकडे गेला. ताहेरनं प्लेट काढली, धुतली, आणि ओलीच उजेडासमोर धरली. मग तो आत डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी देवमनला बसवून घेतलं आणि हाडात गाठ आहे, ती वाईट जातीची दिसते, उद्याच्या उद्या नागपूर गाठा, असं सांगितलं.

बाहेर आल्यावर देवमनला त्यातलं निम्मंही आठवेना. त्यानं ताहेरला विचारलं. ताहेरनं त्याला प्लेट दाखवली.

"लाकडाले वाळवी लागते ना, भाई, तसं झालं हे हाड," तो म्हणाला. "असं मी याच्या आंदी दोनदा पाह्यलं. तू आता वेळ नको घालू."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासला. हाडाचाच कॅन्सर निघाला. पाय मांडीतून कापावा लागेल, दुसरा इलाज नाही, असं तिथल्या सर्जननी सांगितलं. देवमननं आठ दिवस मागून घेतले आणि ते आठही दिवस तो कामावर आला. मला त्यानं एकदाच विचारलं की याच्यावर पोटात घ्यायचं एखादं औषध असेल का. मी ग्रंथालयात जाऊन जे सापडलं ते वाचलं. त्या काळात कापणं आणि किरणं देणं याच्यापलीकडे फारसं काही नव्हतंच. मी त्याला तसं सांगितलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जन शालूच्या खाटेपाशी आले. तेरा वर्षांची मुलगी, रडेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं असणार. तिनं त्यांना विचारलं, पायासोबत रोग जाईल की मागे राहील. ते म्हणाले, बहुतेक जातो. ते गेल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, ते बहुतेक म्हणाले."

पाय गेला. जूनमध्ये ती कुबड्या घेऊन शाळेत जाऊ लागली. कुबड्या ताहेरनं अकोल्याच्या ओळखीच्या सुताराकडून सागवानाच्या करवून आणल्या होत्या. त्या वर्षीचा पावसाळा बरा गेला. देवमन पुन्हा मुलांना दटावू लागला, क्वचित हसूही लागला. सहामाहीत शालू वर्गात दुसरी आली, आणि पहिली काहून नाही म्हणून दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

डिसेंबरात तिची कंबर दुखायला लागली.

या वेळी कोणी हाडवैद्याचं नावही काढलं नाही. नागपूरला पुन्हा प्लेट निघाली. कमरेच्या हाडात आणि पाठीच्या दोन मणक्यांत तेच दिसलं. किरणांच्या दहा खेपा झाल्या. दुखणं थोडं उतरलं आणि पंधरा दिवसांत परत आलं. मग तिथल्या डॉक्टरांनी देवमनला बाजूला नेऊन, तिला घरी न्या, तिला आराम पडेल तेवढं करा, असं सांगितलं. हे सांगताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. देवमनला त्या हातावरूनच सगळं कळलं.

यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार आहे.

परदेशातली मासिकं आमच्याकडे बोटीनं यायची, तीन-चार महिने उशिरा. १९६९ च्या फेब्रुवारीत एक गठ्ठा आला. त्यातल्या एका मासिकात मी एका नव्या रसायनाबद्दलचा निबंध वाचला. आमच्याकडच्या विहिरीचं पाणी जड. डिस्टिल्ड वॉटरच्या प्लांटमध्ये आतून खाराचा असा थर बसायचा की देवमनला दर शनिवारी तो अॅसिड घालून खरवडावा लागे. त्या दिवशी तो तेच करत होता. मी सहज त्याला म्हटलं की देवमनभाऊ, परदेशात पाण्यात एक रसायन घालतात, मग नळ्यांत असा खार धरत नाही. त्यानं मान हलवली. आणि मग मी, काही विचार न करता, पुढचंही बोलून गेले. तेच रसायन उंदरांना दिलं तर त्यांच्या हाडांची झीज कमी होते, असं आता दिसलंय.

देवमनचा हात थांबला.

मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण त्यानं विचारलं आणि मी सांगत गेले. शरीरात हाड सारखं विरघळत असतं आणि सारखं नवं बनत असतं. कॅन्सरची गाठ हाडात बसली की ते विरघळणं फार वाढतं. हे रसायन हाडावर जाऊन बसतं आणि विरघळणं रोखतं. डायफॉस्फोनेट असं त्याचं नाव तेव्हा होतं, पुढे त्याला बिसफॉस्फोनेट म्हणू लागले.

"म्हंजे हाड खाल्लं जात नाई," तो म्हणाला.

"उंदरांमध्ये," मी म्हटलं.

"उंदराचं हाड आन माणसाचं हाड, लय फरक असते काय, बाई?"

फार नसतो, असं मी म्हणाले. ते खरंच होतं. पण ते मी बोलायला नको होतं.

त्यानं तो निबंध माझ्याकडून सबंध वाचून घेतला. चार दुपारी आम्ही बसलो. मी एकेक वाक्य मराठीत सांगायचे आणि तो वहीत उतरवून घ्यायचा. उंदरांना किती दिलं, किती दिवस दिलं, उंदराचं वजन किती. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं की हे बनते कशापासून. मी संदर्भग्रंथ काढून बघितला. लागणारी दोन्ही रसायनं आमच्या कोठीत होती. त्यातलं एक फॉस्फरसचं, ते उघडलं की धूर सोडायचं आणि नाकातोंडाला झोंबायचं, दुसरं म्हणजे व्हिनेगरमधलं साधं अॅसिड. हेही मी त्याला सांगितलं.

त्याच आठवड्यात आम्ही निबंध लिहिणाऱ्या संशोधकांना पत्र धाडलं. देवमनच्याच नावानं, माझ्या मुलीच्या हाडांत कॅन्सर पसरला आहे, तुमचं रसायन तिला उपयोगी पडेल का, ते मिळेल का, नाहीतर इथेच बनवून दिलं तर चालेल का, असं विमानाच्या टपालानं विचारलं. टाइप मी केलं. खाली देवमननं इंग्रजीत सही केली.

उत्तराची वाट त्यानं पाहिली नाही. मार्चमधल्या एका रविवारी, कॉलेज बंद असताना, तो प्रयोगशाळेत गेला आणि ते बनवायला बसला. आमचे विभागप्रमुख कॉलेजच्या आवारातच राहायचे. त्यांना वास आला. ते आले तेव्हा खोलीत धूर भरलेला, देवमनच्या उजव्या हाताची कातडी पोळलेली, आणि तो खोकत खोकत तसाच भांड्यापाशी उभा.

सर करड्या स्वभावाचे होते, सगळे त्यांना भ्यायचे. त्यांनी खिडक्या उघडल्या, त्याचा हात नळाखाली धरला आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. देवमननं सगळं सांगितलं. सर स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारलं, "हे फॉस्फरस कारखान्यातलं आहे. त्यात आर्सेनिक येतं. ते तू तपासलंस का?"

देवमननं तपासलं नव्हतं. आर्सेनिक म्हणजे सोमल, हे त्याला माहीत होतं.

सोमवारी सरांनी आणि मी मिळून ती तपासणी केली. त्यानं बनवलेली पांढरी पूड जस्ताच्या तुकड्यांबरोबर अॅसिडात टाकायची आणि त्यातून निघणारा वायू एका ओल्या कागदावरून जाऊ द्यायचा. आर्सेनिक असलं की कागदावर डाग पडतो. डाग पडला, पिवळाजर्द.

तेव्हापासून देवमन ती पूड शुद्ध करायच्या मागे लागला. गरम पाण्यात विरघळवायची, गाळायची, निवू द्यायची, खडे जमले की वेगळे करायचे, परत विरघळवायची. दर खेपेला पूड कमी व्हायची आणि डाग थोडा फिका व्हायचा. महिनाभर त्याचा हा उद्योग चालला. वर्ग सुटले की तो बसायचा, अंधार पडायच्या आत घरी जायचा. हाताला पट्टी बांधलेली. सर रोज येऊन डाग बघायचे. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही याला परवानगी दिलीय का. ते म्हणाले, परवानगी मी देणार नाही, पण मी नाही म्हटलं तर तो पिवळा डाग पडणारीच पूड तिला देईल.

एप्रिलमध्ये मी फ्रेजरपुऱ्यात शालूला भेटायला गेले. ती खाटेवर कुशीवर पडली होती, पाठीवर निजता येत नव्हतं. हात काटकुळे झाले होते, डोळे मात्र तसेच. मैनाबाईंनी मला पाणी दिलं आणि त्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. शालूला बापानं सगळं सांगितलेलं होतं, त्याची वही तिच्या उशाशी होती. ती तिनं वाचून काढली होती.

"बाई," तिनं मला विचारलं, "त्या उंदराले माह्यासारखा रोग होता काय?"

मला उत्तर ठाऊक होतं. त्या उंदरांना कोणालाही गाठ नव्हती. ते धडधाकट उंदीर होते, त्यांच्या हाडांची झीज मुद्दाम औषधानं वाढवलेली होती. इतके दिवस त्या वहीवर आम्ही दोघं मान मोडून बसलो, पण हा प्रश्न देवमननं मला विचारला नव्हता, आणि मीही आपण होऊन तो काढला नव्हता. पत्राचं उत्तर आलं की सांगते, असं म्हणून मी उठले. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

महिनाअखेर उत्तर आलं. चांगलं, सविस्तर पत्र होतं. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मी ते देवमनला वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं की गाठ असलेल्या एकाही प्राण्याला हे रसायन अजून दिलेलं नाही. माणसाला ते किती द्यावं, सोसेल का, याची आम्हाला नीट कल्पना नाही. हाडाचं विरघळणं थांबलं म्हणून गाठ थांबेल असं समजू नये. तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं, पण घरी बनवलेलं रसायन तिला कृपा करून देऊ नका.

देवमननं मला ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग पत्र घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. त्या दिवशी शेवटची तपासणी होती. कागदावर डाग दिसतो म्हणावा तर दिसत होता, नाही म्हणावा तर नाही. सरांनी कागद खिडकीशी नेला, तिरका करून पाहिला आणि परत दिला.

घरी काय झालं ते त्यानंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानं काही लपवलं नाही. पत्रात काय आहे ते बायको आणि मुलगी दोघींना सांगितलं. मैनाबाई सहसा मधे बोलत नसत. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचण्याचं काम त्यांनी वर्षभरापूर्वी सोडलं होतं आणि दिवसरात्र त्या पोरीपाशीच असत. त्या म्हणाल्या, "मंग आता माही पोरगी त्याहिचा उंदीर व्हाची काय?"

शालूच म्हणाली, "होऊ दे ना, माय. कोनाले तं व्हाच लागन."

मैनाबाई उठून बाहेर गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

देवमननं मधला रस्ता काढला. आधी मी घेतो, म्हणाला. उंदराच्या वजनावरून त्यानं हिशेब करून ठेवलेला होता. आठ दिवस तो सकाळी ती पूड पाण्यात टाकून प्यायला. पोट बिघडलं, जुलाब झाले, तोंडाला चव राहिली नाही. पण तो कामावर येत राहिला. शालू रोज त्याला विचारायची, कसं लागते, पोट कुठे दुखते, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. लय आंबट लागते, दात शिरशिरतात, असं त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आठव्या दिवशी तो धड होता. आता द्यायला हरकत नाही असं त्यानं ठरवलं, पण मैनाबाई अजून ऐकत नव्हत्या. त्यांचं मन वळवण्यात मे महिन्याचे पंधरा दिवस गेले.

तेवढ्यात शालूला धाप लागायला लागली. बोलताना ती मधेच थांबायची.

देवमननं ताहेरला पत्र टाकलं आणि ताहेरचं उलट टपाली उत्तर आलं, घेऊन ये, घर मोकळं आहे. बडनेऱ्याला गाडीत बसवून तो दोघींना घेऊन अकोल्याला गेला. स्टेशनात त्यानं शालूला पाठीवर घेतलं. पुडीची बाटली त्याच्या पिशवीत होती. तिथल्या डॉक्टरांच्या नजरेखाली औषध सुरू करायचं असा त्याचा बेत होता, आणि मैनाबाईंनीही आता हो म्हटलं होतं.

ताहेरनं या वेळी छातीची प्लेट काढली. दोन्ही फुफ्फुसांत गोल गोल सावल्या होत्या, लहान-मोठ्या, कितीतरी. मोजत बसायचं कारणच नव्हतं. डॉक्टरांनी परदेशातलं पत्र वाचलं, बाटलीतली पूड हातावर घेऊन बघितली, आणि आता हे देऊन तिला नुसता पोटाचा त्रास होईल, असं सांगितलं. देवमन तरी हटेना. थोडीशी द्यायला काय हरकत आहे, आठ दिवस मी स्वतः घेतली आहे, असं तो त्यांना सांगत राहिला. शेवटी ताहेरनं त्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं.

"देवमन," तो म्हणाला, "आता गोष्ट हाडाची राह्यली नाई."

त्या संध्याकाळी देवमन एकटाच मोर्णेच्या पुलावर गेला आणि त्यानं बाटली नदीत रिकामी केली. उन्हाळ्यात मोर्णेला पाणी ते किती असणार. थोडी पूड दगडांवरच पडली. तो खाली उतरला आणि हातानं ती पाण्यात लोटली.

प्रवास आता शक्य नव्हता. ती सगळी ताहेरच्याच घरी राहिली. ताहेरच्या बायकोनं, नसीमबानोनं, आपली आतली थंड खोली शालूला दिली. अकोल्याचा तो उन्हाळा, छपराचे पत्रे तापून अंगावर यायचे. नसीमबानो आणि मैनाबाई आळीपाळीनं ओलं फडकं बदलत बसायच्या. अंग पुसताना शालूच्या पाठीला हात लागला तरी ती कळवळायची. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तासभर डोळा लागायचा.

यापुढचं मला फार उशिरा कळलं. पाचव्या दिवशी दुपारी शालूनं बापाला जवळ बोलावलं.

"बाबा, ते तुमचं औषध द्या ना," ती म्हणाली. "पाठ लय दुखून राह्यली."

देवमन तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. पाय कापायचा तेव्हा नाही, पत्र आलं तेव्हा नाही. तो उठून स्वयंपाकघरात गेला. नसीमबानोनं आजारी माणसासाठी ग्लुकोजचा डबा आणून ठेवला होता. त्यातली पांढरी पूड त्यानं पेल्यात टाकली, पाणी घातलं, ढवळलं आणि घेऊन आला. तिचं डोकं उचलून धरलं. तिनं एक घोट घेतला आणि थांबली.

"गोड लागून राह्यलं," ती म्हणाली.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पेला पुन्हा ओठांशी ओढला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी त्यानं तसंच आणलं आणि ती काही न विचारता प्यायली. मैनाबाईंना ती म्हणाली, याच्यानं जरा बरं वाटते.

दहा जूनला, दुपारी, आईच्या मांडीवर ती गेली. खेड्यावरून डोमाजी आले. जुन्या शहरातले ताहेरचे शेजारी खांदा द्यायला आले.

देवमन जूनअखेर कामावर परतला. मी काही बोलणार तोच त्यानं मला सांगितलं की पूड नदीत टाकली, दिली नाही. मग तो प्लांट उघडून खार खरवडायला बसला. सरांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. आत काय बोलणं झालं कोणास ठाऊक, पण बाहेर आले तेव्हा सरांचे डोळे लाल होते. मैनाबाईंनी त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. एकदा बाजारात समोर आल्या आणि वळून दुसऱ्या गल्लीत गेल्या. मला त्याचा राग आला नाही.

देवमन माझ्याकडून इंग्रजी वाचायला शिकला. मी विचारलं नाही काहून म्हणून, त्यानंही सांगितलं नाही. मासिकांचे गठ्ठे आले की तो निबंधांची नावं बोट ठेवून वाचत जायचा. पुढे दोन-तीन वर्षांत ते रसायन माणसांना द्यायला लागल्याचं आलं, पण हाडांच्या वेगळ्याच आजारांसाठी. त्यानं ते वाचलं आणि मासिक मिटून ठेवलं.

मग १९८२ साली एक दिवस तो एक अंक उघडा धरून माझ्या टेबलापाशी आला. त्याच कुळातलं एक औषध, कॅन्सर हाडांत पसरलेल्या रोग्यांना दिलेलं. रोग बरा झाला नव्हता. हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं होतं. आणि आणखी एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं होतं. ती त्याला कळली होती, तरी त्यानं मला विचारलं.

"याच्यानं दुखनं कमी होते, असं लिवलं काय, बाई?"

मी म्हटलं, हो, काही रोग्यांचं. मग मी घाईघाईनं बाकीचं सांगायला लागले. हे औषध वेगळं आहे, कारखान्यात शुद्ध केलेलं आहे. तू बनवलेलं पोटातून नीट शोषलंही गेलं नसतं. तिची गाठ दुसऱ्या जातीची होती, फुफ्फुसात गेलेली होती, दिवस थोडे राहिले होते. डॉक्टरांनी नको म्हटलं ते बरोबरच होतं. हे सगळं खरं होतं. देवमननं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पन तिनं मागतलं होतं," तो म्हणाला.

आणि मग, तेरा वर्षांनी, माझ्या टेबलासमोर उभ्या उभ्या त्यानं मला ताहेरच्या घरातल्या त्या तीन दुपारी सांगितल्या. मी त्याला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही.

त्यानंतर सात वर्षं तो आमच्याकडे नोकरीला होता. काम पूर्वीसारखंच चोख. फक्त मासिकांचा गठ्ठा आला की दोरी न सोडता तो माझ्या टेबलावर आणून ठेवायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा.